राखीव शिपायाचा शनिवार

पहाटे ४.३०

गजर लावावा लागत नाही. पलटणीत पहिल्या वर्षी अंगात मुरलेली सवय घरीही सुटलेली नाही. साडेचारला डोळा उघडतोच. आज मात्र तो उघडायला आधी नीट मिटलेला तरी हवा होता. गेल्या तीन रात्री झोप तुकड्यातुकड्यानंच येते आहे.

आज शनिवार, १० मे २०२५. बुधवारी पहाटे पाकिस्तानविरुद्धचं 'ऑपरेशन सिंदूर' झालं. तेव्हापासून वाटेत जो भेटेल तो एकच विचारतो, "काय, आलं का बोलावणं?" जणू कुणाच्या लग्नाची पत्रिका यायची राहिली आहे.

मी प्रादेशिक सेनेत शिपाई आहे. गावात हे नाव कुणाच्या तोंडी नाही, सगळे 'टीए' म्हणतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली प्रादेशिक सेनेची १०१ वी पलटण पुण्यात आहे, तिच्या पटावर माझं नाव आहे. वर्षात दोनेक महिने कॅम्प. सरकारनं ड्यूटीला बोलावलं, तर बोलावलं तितके दिवस अंगावर वर्दी. उरलेला सगळा वेळ मी भीमाशंकरच्या अलीकडे, तळेघरच्या बाजूला आमच्या वाडीत असतो. भात लावतो, हंगामात हिरडा झोडतो, शनिवार-रविवार भाविकांची जीप चालवतो.

बूट बांधले आणि निगडाळ्याच्या रस्त्याला लागलो. अडीच किलोमीटर चढ, अडीच उतार. कॅम्पात पळवायला उस्ताद असतो, इथं उस्ताद मीच आणि चुकारही मीच. पहिली दोन वर्षं घरी आल्यावर अंग सैल सोडलं होतं. पुढच्या कॅम्पात पहिल्याच दिवशी मैलभर पळताना धाप लागली, आणि उस्तादानं सगळ्यांसमोर विचारलं, "भात फारच चांगलं पिकलेलं दिसतंय?" तेव्हापासून रोज पळतो.

५.४५

उजाडलं. परतीच्या वाटेवर टेपाडावर एक आंबा आहे, त्याच्या बुंध्याशी उभं राहिलं की फोनला दोन दांड्या रेंज येते. वाडीत ती येत नाही. म्हणून आमच्याकडे माणसाला फोन आला असं म्हणत नाहीत, "आंब्याखाली फोन सापडला" म्हणतात.

फोन उघडला. पलटणीचा एकही मिस्ड कॉल नाही. पोरांनी पाठवलेल्या क्लिपा मात्र ढीगभर. एकीत बुधवारच्या मॉक ड्रिलचा भोंगा, एकीत आयपीएल थांबल्याची बातमी, आणि पाच जणांनी वेगवेगळ्या मथळ्यांनी धाडलेली तीच ती अधिसूचना.

ती मी कालच तीनदा वाचली आहे. ६ मेची तारीख आहे, लोकांपुढे आली ती काल. प्रादेशिक सेनेच्या १९४८ च्या नियमांतला तेहतिसावा नियम. त्याप्रमाणे लष्करप्रमुखांना अधिकार दिला आहे, की प्रादेशिक सेनेतला कोणताही अधिकारी, कोणताही शिपाई ते पहाऱ्यासाठी किंवा नियमित सैन्याच्या जोडीला बोलावू शकतात. पायदळाच्या बत्तीस पलटणी आहेत, त्यांतल्या चौदा बोलवायच्या. कुठल्या चौदा, ते त्यात नाही. ज्या कमांडांसाठी बोलवायच्या त्यांची यादी आहे, आणि तिच्यात दक्षिण कमांडही आहे. तिचं मुख्यालय पुण्यातच.

कागद वाचणाऱ्यांना वाटतं, झालं, निघाले सगळे. पण नीट पाहिलं तर मुदत १० फेब्रुवारी २०२५ पासून ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंतची. तीन वर्षांची तयारी आहे ती, उद्याची गाडी नव्हे. हे मी काल चार जणांना समजावलं. स्वतःला समजावणं तेवढं जमलेलं नाही.

पाच मिनिटं आणखी उभा राहिलो. तिसरी दांडी येते का पाहिली. नाही आली.

सकाळी ७.००

आज पडकई माझ्याकडे आहे.

आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम डोंगरात जो वाढला त्याला पडकई सांगावी लागत नाही, बाकीच्यांना सांगितली पाहिजे. आमची जमीन उतारावरची. उतारावर नाचणी होते, वरई होते, भात होत नाही. भाताला पाणी धरणारं सपाट खाचर लागतं, आणि असं खाचर एका घराला पाडता येत नाही. वरच्या अंगाची माती खणायची, दगड बाजूला काढायचे, ते रचून खालच्या अंगाला बांध घालायचा, आणि मागं माती भरत न्यायची. नवरा-बायको दोघं लागले तर एका खाचराला दोन उन्हाळे जातील. म्हणून गाव एकत्र येतं. आज माझ्या उतारावर, पुढच्या खेपेला तुझ्या. मजुरी नाही. ज्याचं काम त्याच्याकडे जेवण.

साडेसहाला एकेक जण यायला लागला. खांद्यावर पहार, टिकाव, फावडं. बायकांच्या डोक्यावर घमेली. सात वाजेपर्यंत अठरा माणसं झाली. शिट्टी नाही, 'फॉलिन' नाही, तरी दहा मिनिटांत प्रत्येक जण आपापल्या जागी. पहार कुणाच्या हाती द्यायची आणि बांधाचा दगड कुणी बसवायचा, हे ठरवायला हवालदार लागत नाही. बांध आमच्या मोठ्या चुलत्यांनीच घालायचा. सत्तरी ओलांडली आहे, पण हातातला दगड एकदा फिरवून बघतात आणि त्याचं तोंड कुठल्या बाजूला ते त्यांना कळतं.

जेसीबी आणला असता तर दोन दिवसांत झालं असतं, असं शहरातला माझा मेहुणा म्हणतो. त्याचं चूक नाही. पण इथून डिंभ्याकडे उतरलं की माळीण आहे. ३० जुलै २०१४ ला त्या गावावर डोंगर आला आणि दीडशेवर माणसं गेली. यंत्रानं उतार कापल्यानं ते झालं की नुसत्या पावसानं, यावर पुष्कळ वाद झाले. वाद ज्यांनी घालायचा त्यांनी घातला. आमचा हात मात्र तेव्हापासून यंत्राला कचरतो.

९.३०

चहाची सुट्टी. कोरा चहा, गुळाचा.

चुलत्यांनी बांधावर बसूनच हाक मारली. "ये इकडं. मला एक सांग. तू आर्मीत हाय का न्हाय?"

"आहे, नाना."

"मग घरी कसा?"

हा प्रश्न मला बँकेत कर्जाच्या अर्जावरही आला आहे. 'नोकरी' लिहावं तर पगार बारा महिने नाही, पलटणीत असू तितक्याच दिवसांचा. 'शेती' लिहावं तर साहेब वर बघून विचारतो, मग हा वर्दीतला फोटो कुणाचा? शेवटी त्यानं दोन्ही शब्द लिहिले आणि मध्ये आडवी रेघ मारली. ती रेघ म्हणजे मी.

नानांना सांगायला मात्र आज उदाहरण समोरच होतं. म्हटलं, "नाना, तुम्ही आज इथं पडकईला आलात. म्हणून तुम्ही गवंडी झालात का?"

"न्हाय."

"उद्या आपल्या शेतावर जाल. पण कुणाचं खाचर अडलं तर परत याल. तसंच हे. सैन्याचं एक घर कायमचं आहे, बारा महिने तेच राबतं. पण काम अंगाबाहेर गेलं, की ते गावाला हाक मारतं. मी त्या हाकेतला."

नानांनी चहा संपवला. "म्हणजी देशाची पडकई."

मी नऊ वर्षं टीएत आहे. भरतीच्या पत्रकात, भाषणात, कुठंही इतकं नेमकं ऐकलं नव्हतं.

आमच्यातच एक निवृत्त गुरुजी आहेत. पहार झेपत नाही, पण पडकई चुकवत नाहीत, दगड निवडून देतात. ते म्हणाले, "या डोंगराला हे नवीन नाही. सत्तावनच्या बंडाच्या वेळी इंग्रजांनी नगरकडच्या डोंगरातल्या महादेव कोळ्यांची एक पलटणच उभी केली होती. कॅप्टन नटॉल म्हणून होता, त्यानं. सहाशेच्या आसपास माणसं. भिल्लांच्या उठावावर घातली त्यांना. काम झालं आणि १८६१ मध्ये पलटण मोडली. थोडे पोलिसात गेले, बाकीचे परत आपल्या शेतावर."

कुणीतरी मागून म्हणालं, "आपल्याच डोंगरातल्यांवर घातली की."

गुरुजी म्हणाले, "हो. कुणाची हाक आहे तेही बघावं लागतं."

त्यावर कुणी काही बोललं नाही. चुलत्यांनी दगड उचलला, आणि सुट्टी संपली.

दुपारी १२.३०

ऊन डोक्यावर आलं की वैशाखात काम थांबतं. जांभळीखाली पंगत बसली. नाचणीची भाकर, वालाचं कालवण, लसणाची चटणी, आणि बायकांनी येताना तोडलेली करवंदं. अठरा माणसांचं रांधायला घरात पहाटे तीनपासून चूल पेटलेली होती. मी साडेचारला उठलो म्हणून वर मिरवतो, पण मी उठलो तेव्हा आई आणि बायको दोघी भाकरी थापत होत्या.

जेवताना बारावी झालेल्या पोरांनी घेरलं. त्यांना पहिली उत्सुकता एकाच माणसाची. "काका, धोनी तुमच्यातच ना?"

आहे बाबा. २०११ मध्ये त्याला प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट कर्नलचा मानद हुद्दा मिळाला. पॅराशूटवाली १०६ वी पलटण. २०१९ मध्ये काश्मीरात जाऊन ड्यूटीही करून आला. कपिल देवलाही असाच हुद्दा आहे. त्यांच्यात आणि माझ्यात साम्य एकच. पोट भरायला आम्हाला आधी दुसरा धंदा आहे.

पोरं हसली, पण अट खरीच ती आहे. प्रादेशिक सेनेत शिरायला अठरा ते बेचाळीस वय लागतं, अंग धड लागतं, आणि कमाईचं स्वतःचं दुसरं साधन लागतं. बेकारी घालवायला ही सेना नाही. माझ्या भरतीच्या वेळी पळणं, लेखी, डॉक्टरी सगळं निभावलं, आणि छातीत धडधड झाली ती शेतीचे कागद दाखवताना. सातबाऱ्यावर बापाचं नाव, चुलत्यांचं नाव, आजोबांचंही अजून तसंच. शेती आहे हे सिद्ध करायला मला जेवढे हेलपाटे पडले तेवढे छाती फुगवून दाखवायला पडले नाहीत.

एका पोरानं विचारलं, "ही टीए काढली कुणी?"

रोपटं इंग्रजांचं. पहिल्या महायुद्धात माणूस कमी पडायला लागला, तेव्हा १९१७ मध्ये त्यांनी 'इंडियन डिफेन्स फोर्स' काढली, आणि १९२० मध्ये कायदा करून 'इंडियन टेरिटोरियल फोर्स'. स्वातंत्र्यानंतर आपण १९४८ मध्ये आपला कायदा केला, आणि ९ ऑक्टोबर १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी प्रादेशिक सेनेचं उद्घाटन केलं. तो दिवस आम्ही अजून पाळतो. ब्रीद 'सावधानी व शूरता'. क्रम बघा, आधी सावधानी.

काम तीन प्रकारचं. नियमित सैन्य सीमेवर मोकळं राहावं म्हणून मागचे पूल, डेपो, तळ यांचे पहारे सांभाळायचे. पूर, भूकंप, संप यांत सरकारी यंत्रणेला हात द्यायचा. आणि लढाई लागली तर सैन्याला माणूस पुरवायचा. बासष्ट, पासष्ट, एकाहत्तर, तिन्ही लढायांत टीए होती. श्रीलंकेतही गेली. रेल्वेच्या माणसांची टीए वेगळी आहे, तेल कंपन्यांतल्या माणसांची वेगळी, डॉक्टरांची इस्पितळं आहेत. गाडी हाकणारा वर्दी घालून गाडीच हाकतो. झाडं लावणाऱ्याही पलटणी आहेत. पहिली १९८२ मध्ये मसुरीच्या उजाड डोंगरांसाठी उभारली. आपल्या मराठवाड्यातही औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, एक आहे, १३६ वी. तिच्या शिपायाच्या हातात कुदळ असते.

"मग तुम्ही बंदूक चालवली का?" पोराचा धीर सुटला होता.

चालवली, कॅम्पात, चांदमारीवर. दोनदा लांबची ड्यूटी आली, एकदा उत्तरेत. तिथं वर्षभर एका पुलावर पहारा दिला. बर्फ पडायचा, गाड्या जायच्या, मी पुलाच्या टोकाला उभा. काहीही घडलं नाही. 'काहीही घडलं नाही' हेच तिथलं काम होतं, पण ते सांगितलं की पोरांचे चेहरे पडतात. आजही पडले.

दुपारी २.३०

जेवणं झाली, माणसं पांगली. खाचर निम्मं झालं आहे. मी अंग धुऊन जीप काढली. शनिवार आहे, भीमाशंकरला गर्दी असते, चार फेऱ्या झाल्या तर डिझेल सुटून हातात काही राहतं.

खरं तर टीएची नोकरी आणि हा धंदा एकमेकांना साजेसे नाहीत. कंपनीत कामाला असतो तर कायदा माझ्या बाजूनं होता. प्रादेशिक सेनेच्या कायद्यात तरतूदच आहे, की ड्यूटीवर बोलावलेल्या माणसाला परतल्यावर मालकानं कामावर पुन्हा घ्यायचं. पण माझा मालक पाऊस. मी जुलैत कॅम्पाला असेन म्हणून तो आवणी ऑगस्टपर्यंत थांबवत नाही. जीपचं गिऱ्हाईकही तसंच. दोन महिने मी दिसलो नाही की ते दुसऱ्याच्या गाडीत बसतं, आणि परत येईलच असं नाही.

गाडीत मुंबईचं एक कुटुंब बसलं. चौघांचेही डोळे फोनवर. तळेघर सोडलं, रान दाट झालं, तसे फोन मुके झाले आणि त्यांना खिडकीबाहेरचं दिसायला लागलं. मुलीनं झाडावरचं काटक्यांचं मोठं घरटं दाखवून विचारलं, कावळ्याचं का? म्हटलं, शेकरूचं. आपल्या राज्याचा प्राणी आहे. तिच्या बापानं विचारलं, "इथं तुम्हाला युद्धाचं काही जाणवतं का हो?"

मी गिअर बदलला आणि म्हणालो, "थोडंफार."

दुपारी ४.१५

फेरीच्या मध्ये तासभर मिळाला म्हणून पायऱ्या उतरून देवाला गेलो. वाटेवर गर्दीला रांगेत लावणारा एक होमगार्ड ओळखीचा, मावसभाऊच. त्याची आणि माझी चेष्टा नेहमीची. तो म्हणतो, तुझी टीए १९४९ ची, आमचं गृहरक्षक दल मुंबईत ६ डिसेंबर १९४६ ला निघालं, म्हणजे आम्ही थोरले. मी म्हणतो, तुमच्या हातात काठी, आमच्या हातात बंदूक. तो म्हणतो, काठीला रोज गर्दी बघायला मिळते, बंदुकीला पूल.

आज त्यानं चेष्टा केली नाही. "तुझं कळलं का काही?" एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मला रांगेतून पुढं सोडलं.

देवळाजवळ शनीच्या देवळापुढं दोन खांबांमध्ये एक मोठी घंटा आहे. पोर्तुगिजांची. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाची. गडी माणसं वरून हात फिरवतात, पोरं वाजवायला झटतात. मी या घंटेपाशी दर खेपेला घुटमळतो.

वसईचा किल्ला हाती आला तो मे १७३९ मध्ये, म्हणजे याच दिवसांत. खंदकाशी, सुरुंगापाशी मेलेले सोडले तर उरलेल्या माणसांपुढं तेव्हा काय होतं? तोंडावर आलेला पाऊस आणि घरची पेरणी. मराठ्यांच्या फौजेत शिलेदार स्वतःचं घोडं घेऊन यायचा, बारगिराला सरकारी घोडं मिळायचं. शिवाजी महाराजांच्या काळापासून रिवाजच होता, की दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं, आठ महिने मुलुखगिरी, आणि पावसाचे चार महिने छावणीला परत. दसऱ्याला शस्त्र पुजतात त्याच पाटावर आमच्याकडे विळा आणि नांगराचा फाळही असतो. पुस्तकात वाचलं तर हे दोन वेगळे देव वाटतात. पाटावर जागा एकच आहे.

पण एक गोष्ट बखरीत सापडत नाही. शिलेदार घोडं घेऊन निघाला, त्याच्या मागं उभं पीक कुणी कापलं? त्याचं नाव कुठल्याही घंटेशेजारी नाही.

खाली जाऊन दर्शन घेतलं. काय मागायचं ते सुचलं नाही. बोलावणं यावं असं मागितलं तर घरच्यांशी बेइमानी, येऊ नये असं मागितलं तर पलटणीशी. नुसता हात जोडून वर आलो.

संध्याकाळी ६.१०

शेवटची फेरी घेऊन उतरत होतो. गाडीत सात माणसं. निगडाळ्याच्या पुढं एका वळणावर रेंज असते, तिथं सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले. मागून एक जण ओरडला, "झालं! युद्धबंदी!"

गाडी बाजूला घेतली. परराष्ट्र सचिव बोलत होते. दुपारी पाचपासून दोन्ही बाजूंचा गोळीबार थांबवायचं ठरलं होतं. पाचपासून, म्हणजे मी घंटेपाशी घुटमळत होतो त्याच सुमारास.

गाडीतल्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी हात जोडून देवळाच्या दिशेनं वळली. मी माझा फोन बघितला. पलटणीचा कॉल नाही.

तेव्हा आत काय झालं ते लपवण्यात अर्थ नाही. पहिल्यांदा खांद्यावरून घमेलं उतरल्यासारखं वाटलं. आणि त्याच्या मागोमाग, अगदी बारीक, पंगतीत बसून पान वाढलंच नाही असं काहीतरी. तीन रात्री उशाशी बूट घेऊन झोपलो आणि कुणी हाक मारलीच नाही. लाज वाटली. उत्तरेत पुलावर उभं असताना सुभेदार साहेब म्हणाले होते, राखीव शिपायाला सगळ्यात अवघड ड्यूटी कुठली, तर कुणी न बोलावलेल्या दिवशी तयार राहण्याची. तेव्हा ते वाक्य मला भाषणातलं वाटलं होतं.

आणि युद्धबंदी झाली म्हणून अधिसूचना मागं गेलेली नाही. तीन वर्षं ती आहे तिथंच आहे.

रात्री ८.००

पौर्णिमेला दोन दिवस आहेत. अंगणात चांदणं, पण पश्चिमेला ढग चढलेले. बाळहिरडा अंगणभर वाळत पसरला आहे. तो भिजला की काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो.

पडवीत माझी काळी पत्र्याची पेटी. बुधवारीच भरून ठेवलेली आहे. गंजिफ्रॉक, मोजे, दाढीचं सामान, कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी, पुण्यात छावणीबाहेरच्या दुकानातून स्वतःच्या पैशानं घेतलेली बरसाती. स्वित्झर्लंडमध्ये राखीव शिपायाची रायफल घरी असते म्हणे. आमची पलटणीच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, कुलपात. घरी फक्त पेटी, आणि तिचं ओझं.

जेवण झाल्यावर बायकोनं कंदिलापाशी पोरीची जुनी वही काढली. मला वाटलं हिरड्याचा हिशेब. बघितलं तर आवणीची यादी. कुठल्या खाचराला कुणाची सावड, कुणाचे किती दिवस आपल्याकडे येणं, आपले किती दिवस फेडायचे. पडकईचेही तसेच. आज आलेल्या अठरा जणांपैकी सात जणांच्या नावापुढं तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं, चार जणांपुढं माझ्या धाकट्या भावाचं. माझं नाव कुठंच नव्हतं.

"हे कधी लिहिलं?"

"बुधवारी. तुम्ही पेटी भरत होता तेव्हा."

मी वही हातात घेतली. बैलजोडी कुणाची मागायची ते होतं. जीप उभी राहिली तर हप्ता कशातून द्यायचा ते होतं. आईच्या गोळ्या घोडेगावहून कुणी आणायच्या, तेही. पलटणीतला ड्यूटी रोस्टर मी नऊ वर्षं बघतो आहे, इतका बारकाईनं भरलेला कुठला पाहिला नाही. बत्तीस पलटणींतल्या चौदा, हे सरकारच्या कागदावर छापून येतं. त्या चौदांमागं किती वह्या आहेत, ते कुणी मोजलेलं नाही.

"आता युद्धबंदी झाली," मी म्हणालो. "ही यादी बदलावी लागेल."

"कशाला? कॅम्प आहेच की. आज नाही बोलावलं तर पुढं बोलावतील." तिनं वही परत घेतली. "फक्त उद्याचं तेवढं बदलते. उद्या खालच्या आळीत पडकई आहे. माझ्या जागी तुम्ही जा. मला हिरडा भरायचाय."

पेन्सिलीनं तिनं स्वतःचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं.

९.४०

वारा सुटला. पहिला थेंब पत्र्यावर पडला आणि आम्ही दोघं, आई, भाऊ, पोरगी, सगळे अंगणात. घमेल्यांनी, सुपांनी, हातांनी हिरडा ओढून एका जागी ढीग केला. ताडपत्री शोधली तर ती काल चुलत भावानं नेलेली.

बायको पडवीत गेली. पेटीची कडी वाजली. ती माझी बरसाती घेऊन आली, घडी झटकून ढिगावर पसरली, चार कोपऱ्यांना पडकईतलेच चार दगड ठेवले.

"पेटी पुन्हा लावावी लागेल," मी म्हणालो.

"बोलावणं आलं की पुसून देईन," ती म्हणाली, आणि पाचवा दगड मधोमध ठेवला.

पाऊस पंधरा मिनिटं पडला. थांबल्यावर मी बरसातीचा कोपरा उचलून हात घातला. हिरडा कोरडा होता. बूट उशापासून उचलून दाराजवळ ठेवले आणि शेजारी पहार उभी केली. सकाळी सातला खालच्या आळीत पोहोचायचं आहे.